न्यूट्रलवर सोडलेलं घर

लडाखच्या प्रवासासाठी मनालीत मोटारहोम ताब्यात देताना तिथल्या मुलाने आम्हा दोघी बहिणींना एकेक गोष्ट नीट दाखवली. पाण्याची टाकी कुठून भरायची, ओट्याखालच्या सिलिंडरची चावी कशी फिरवायची, मागचा पलंग कसा उघडायचा. मग किल्ली ताईच्या हातात ठेवत त्याने शेवटचा सल्ला दिला. उतार लागला की गाडी न्यूट्रल करा, डिझेल वाचेल आणि इंजिनालाही आराम मिळेल.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "बघ, मी काय सांगत होते?"

ताई साताऱ्याची. खंबाटकी घाट तिने आयुष्यात किती वेळा उतरला असेल, याची गणती नाही. आमच्या बाबांनी प्रीमियर पद्मिनीवर तिला गाडी शिकवली, आणि उतारावर न्यूट्रल मारायला त्यांनीच शिकवलं. हाच सल्ला मी सोसायटीतल्या काकांकडून ऐकला आहे, रिक्षावाल्यांकडून, टेम्पोवाल्यांकडून आणि अगदी इंजिनिअर असलेल्या माझ्या दिराकडूनही. वाटेत दारच्याच्या ढाब्यावर शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या कुटुंबानेही तो दिला, आम्ही विचारलेलं नसताना. देणारा प्रत्येक जण प्रेमाने देतो, म्हणून तो खोडून काढणं अवघड जातं. पण खोडायलाच हवा. हा सल्ला माणसं मारतो.

पुण्याच्या लोकांना याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणारा एक अवजड ट्रक नवले पुलापाशी बेभान झाला आणि त्याने अनेक गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या तपासात पुढे आल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. तो उतार घाटासारखा वळणावळणाचाही नाही, सरळ आणि रुंद आहे. तिथे ही गत, तर लडाखच्या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड उतरताना काय होईल?

आधी डिझेलचा हिशोब, कारण सगळी भूल तिथेच पडते.

बाबांच्या पद्मिनीला कार्बोरेटर होता. गिअरमध्ये उतरताना तिचं इंजिन चाकांच्या ओढीने जोरात फिरायचं आणि फिरता फिरता पेट्रोल ओढत राहायचं. न्यूट्रलमध्ये ते मंद फिरायचं, म्हणून कमी ओढायचं. तेव्हा बाबांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं, हे मी मान्य करते. पण आजच्या गाडीत, डिझेल असो वा पेट्रोल, इंधन किती सोडायचं हे संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की संगणकाला कळतं की इंजिन चाकांच्या जोरावर फिरतंय, त्याला इंधनाची गरज नाही. तो पुरवठा थेट बंद करतो. इंजिन जवळजवळ आयडलिंगच्या गतीपर्यंत मंदावलं, तरच पुन्हा सुरू करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला फिरवायला चाकं उरत नाहीत. त्याने बंद पडू नये म्हणून संगणकाला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलात, तिथेच खर्च झाला.

ताईला हे तोंडी पटेना. मग मी बरोबर आणलेलं छोटं स्कॅनर डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावलं आणि फोन तिच्यासमोर धरला. सिस्सूच्या अलीकडच्या एका रिकाम्या, सौम्य उतारावर तिने दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढला. पडद्यावर आकडा आला 0.0. मग तिने क्षणभर न्यूट्रल केलं. आकडा 0.8 वर गेला, म्हणजे तासाला पाऊण लिटरहून थोडं जास्त. पुन्हा दुसरा गिअर, पुन्हा 0.0. ताईने हे तीनदा करून पाहिलं. बाबांनी शिकवलेली गोष्ट अशी डोळ्यांसमोर मोडताना पाहणं तिला सोपं गेलं नाही, हे मला दिसत होतं.

एक अपवाद सांगते, नाहीतर कोणी हुशार वाचक मला तो ऐकवेल. रस्ता अगदी किंचित उतरता असेल आणि गिअरमध्ये गाडी मंदावून पुन्हा अॅक्सिलरेटर द्यावा लागत असेल, तर न्यूट्रलमध्ये ती थोडी लांब घरंगळते. पण ती झाली सपाटीची गोष्ट. घाटात प्रश्न उलटा असतो. तिथे गाडी पुढे कशी जाईल याची चिंताच नसते, ती थांबेल कशी याची असते.

आणि इथेच मोटारहोम साध्या मोटारीपासून वेगळं पडतं. आमची गाडी म्हणजे प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बसवलेलं घर होतं. पलंग, ओटा, बॅटऱ्या, पाण्याची टाकी, सिलिंडर, कपडे, आठवड्याचा शिधा आणि आम्ही दोघी धरून वजन साडेतीन टनांच्या घरात. तांगलांग ला सुमारे 5,300 मीटरवर आहे आणि सिंधूच्या काठचं उपशी सुमारे 3,400 मीटरवर. मधलं अंतर साठेक किलोमीटर. साडेतीन टन वजन 1,900 मीटर खाली आणायचं, तर जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे साडेसहा कोटी ज्यूल. हा आकडा कोणाच्याच मनात उभा राहत नाही, म्हणून असा विचार करा: तेवढ्या उष्णतेने जवळजवळ दोनशे लिटर नळाचं पाणी उकळेल. वाऱ्याचा अडथळा आणि टायरचं घर्षण यांचा वाटा त्यातून वजा करा. तरी मोठा भाग उरतोच, आणि तो कुठेतरी जायलाच हवा.

जायला जागा दोनच आहेत, इंजिन किंवा ब्रेक.

दर शंभर मीटरला सहा मीटर उतार असलेल्या तुकड्यावर ताशी 30 च्या वेगाने उतरताना या गाडीतून सतरा किलोवॉटच्या आसपास शक्ती सतत काढून घ्यावी लागते. टायरचा वाटा सोडला तरी चौदा उरतात. न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे सात गीझर एकदम चालू करावेत, इतकी ती उष्णता. न्यूट्रलमध्ये ती सगळीच्या सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते, मिनिटामागून मिनिट. ब्रेकच्या पॅडमधलं डिंकासारखं द्रव्य तीन-चारशे अंशांच्या पुढे जळून वायू सोडू लागतं, आणि पॅड व डिस्क यांची पकड सुटते. तोवर ब्रेक ऑइलही तापलेलं असतं. डॉट 4 प्रकारचं नवं ऑइल 230 अंशांपर्यंत तरी उकळू नये असं मानक आहे, पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल मुरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा 155 अंशांवर येतो. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी तशीच पुढे.

"ब्रेक अचानक फेल झाले" असं अपघातानंतर सांगितलं जातं. अचानक काही होत नसतं. दहा-पंधरा मिनिटं ते शिजत असतात.

इंजिन पूर्ण बंद करणाऱ्यांची तऱ्हा आणखी घातक. हो, तेव्हा ते आयडलिंगचं पाऊण लिटर खरोखर वाचतं. पण आपल्या पायाच्या जोराला अनेक पटींनी वाढवणारा ब्रेक बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, आणि तो व्हॅक्यूम इंजिन पुरवतं. खात्री करायची असेल तर गाडी सपाटीवर उभी असताना इंजिन बंद करून ब्रेक तीन-चारदा दाबून पाहा. पेडल दगडासारखं कडक होईल. अवजड ट्रकमधला हवेचा दाबही इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसरच भरतो. पॉवर स्टिअरिंग जातं ते वेगळंच, आणि कोणी किल्ली काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकतं.

अधिकृत आधार हवा असणाऱ्यांसाठी: ब्रिटनच्या 'हायवे कोड'मध्ये 122 वा नियम याच सवयीवर आहे. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून गाडी सोडल्याने इंजिनाचा रोध जातो, उतारावर वेग झपाट्याने वाढतो, पायब्रेक जास्त वापरल्याने त्याची ताकद घटते आणि स्टिअरिंगच्या प्रतिसादावरही परिणाम होतो, असं तो सांगतो. क्लच दाबून उतरणं म्हणजेही न्यूट्रलच, हे यातलं आमच्याकडे सगळ्यात दुर्लक्षित वाक्य आहे. गिअर पडलेला असतो, म्हणून माणूस निश्चिंत असतो, आणि पाय मात्र सगळा वेळ क्लचवर.

"पण इंजिन झिजतं ना?" हा ताईचा पुढचा प्रश्न. प्रश्न योग्य आहे. गिअरमध्ये उतरताना इंजिन एक पंप बनतं. आतली हवा ओढणं, दाबणं, ढकलणं आणि सगळ्या भागांचं घर्षण यांत चाकांची ऊर्जा खर्च होते आणि रेडिएटरमधून उष्णता बाहेर पडते. इंजिन याच कामासाठी बनलेलं असतं, त्याला तेल आणि पाणी दोन्ही मिळत असतं. काटा लाल पट्ट्यात जाऊ दिला नाही, की त्याला काही होत नाही. ब्रेक पॅड मात्र प्रत्येक घाटात खर्च होतात.

करायचं काय, तेही सांगते, कारण नुसतं "करू नका" म्हणून सवय जात नाही. उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, गिअर कमी करायचा. जुने ट्रकवाले सांगतात की ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. नव्या ताकदवान इंजिनांसाठी त्याहूनही एक खालचा घ्यावा. लडाखच्या उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाचा रोधही थोडा सैल पडतो, म्हणून तिथे तर नक्कीच. ऑटोमॅटिक गाडीत 'डी'वर बसून राहू नका, 'एल' किंवा मॅन्युअल वापरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबून ताशी दहाने कमी करा आणि पाय पूर्ण काढा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकना हवा लागते. जळका वास आला तर रुंद जागा पाहून थांबा आणि वाट पाहा. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका. तो आणखी एक लाडका उपाय आहे, आणि त्याने तापलेलं बीड तडकू किंवा वाकडं होऊ शकतं.

सोबतीचं खरं मोल मला याच रस्त्यावर कळलं. चालवणारीचं लक्ष रस्त्यावर असतं, वास आधी शेजारणीला येतो. आम्ही ठरवलं होतं की जी चालवत नाही, तिने दर अर्ध्या तासाला थांबायला सांगायचं आणि चालवणारीने वाद न घालता थांबायचं. ताई मोठी असल्यामुळे तिला हा नियम जड गेला, पण तिने तो पाळला. गाटा लूप्सची एकवीस वळणं, लाचुलुंग ला, पुढे मोरेचं पठार, आणि मग तांगलांग ला. तिथे माथ्यावर मी पुढचा उतार बघायला खाली उतरले होते. परत येऊन बसले तर ताईने आधीच दुसरा गिअर टाकून ठेवला होता.

मोटारहोमबद्दलचे बाकीचे गैरसमज एवढे जीवघेणे नाहीत, पण रस्ताभर भेटत राहतात.

चालत्या गाडीत मागच्या पलंगावर झोपता येतं, असं अनेकांना वाटतं. नाही. गाडी चालू असताना ते घर नसतं, वाहन असतं. दोघींनीही पुढे, पट्टा बांधून बसायचं. ओट्यावरचा कुकर आणि मोकळा सिलिंडर अपघातात माणसाच्या डोक्यावर येतात.

मोटारहोमला ट्रकचं लायसन लागत नाही. एकूण 7,500 किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते. त्या वजनापर्यंतची व्यावसायिक वाहनंही याच लायसनवर चालवता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं.

अरुंद घाटात उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे साफ उलटं आहे. मान चढणाऱ्याचा, आणि रस्त्याच्या नियमांत तसं लिहिलेलं आहे.

उंचीवर टायर फुटतात म्हणून हवा कमी करायची? बाहेरचा दाब घटल्याने वाटेतल्या सरचूच्या (4,290 मीटर) उंचीवर मापकात पाच-सहा पीएसआय जास्त दिसतात हे खरं, पण तिथली थंडी त्यातले बरेचसे परत घेते. भरलेल्या मोटारहोमची हवा कमी केली तर टायरच्या बाजूच्या भिंती तापतात, आणि टायर फुटण्याची खरी भीती तिथे असते.

खारदुंग ला 18,380 फुटांवर असल्याचा फलक वर्षानुवर्षं लोकांनी फोटोत मिरवला. खरी उंची 5,359 मीटर, म्हणजे सुमारे 17,582 फूट. उमलिंग लाचा रस्ता त्याहून चारशे मीटरांहून अधिक उंचावर जातो.

वर भात कच्चा राहतो तो गॅस मंद असल्यामुळे नव्हे. सरचूला पाणी साधारण 86 अंशांनाच उकळतं. कुकर न्या.

कापराबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण महाराष्ट्रातून निघालेल्या जवळजवळ प्रत्येक पिशवीत ती पुरचुंडी असते. ताईच्याही होती. कापूर हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही 21 टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब, आणि पुरचुंडी दाब वाढवू शकत नाही. मग बरं का वाटतं? संशोधक एक्लिस आणि सहकाऱ्यांनी 1983 साली माणसांवर प्रयोग करून पाहिलं. कापूर, निलगिरी आणि मेंथॉलच्या वाफेने नाक मोकळं झाल्यासारखं वाटलं, पण हवेला होणारा नाकातला अडथळा प्रत्यक्षात कमी झालेला नव्हता. गारवा जाणवणाऱ्या मज्जातंतूंचा तो भास. कपाटात ठेवायला कापूर छान आहे. धाप लागलेली असताना त्याच्या भरवशावर थांबून राहणं धोक्याचं.

याला जोडूनच एक समज खास मोटारहोमवाल्यांचा आहे: घर बरोबर आहे, तर थकलो तिथे झोपू. उंचीच्या आजारात दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला जास्त महत्त्व असतं. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि अधूनमधून त्याच जागी एक जादा रात्र काढावी, असा अमेरिकेच्या सीडीसीचा सल्ला आहे. जिस्पा सुमारे 3,200 मीटरवर, सरचू 4,290 वर. ही एकच उडी हजार मीटरांहून जास्त होते, आणि त्या रस्त्यावर मधे मुक्कामाला धड जागा नाही. म्हणून आम्ही जिस्पाला तीन रात्री काढल्या. मधल्या एका दिवशी दीपक तालपर्यंत वर जाऊन पुन्हा खाली आलो, आणि डॉक्टरांना विचारून उंचीच्या त्रासासाठीचं डायमॉक्स सुरू केलं. रोज संध्याकाळी दोघींनी एकमेकींना टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावलं. तोल जायला लागला किंवा बोलणं अडखळलं, तर तो थकवा समजायचा नाही. त्याच रात्री खाली उतरायचं. हे स्वतःचं स्वतःला कळत नाही, दुसऱ्या माणसाला दिसतं.

शेवटचा समज, आणि हाही जीव घेणारा: थंडीत खिडक्या घट्ट लावून आत गॅसची शेगडी तेवत ठेवली की गाडी उबदार राहते. काही जण रात्रभर इंजिन चालू ठेवून हीटर लावतात. बंद जागेतल्या ज्योतीतून आणि मागे भिंत किंवा बर्फ असल्याने कोंडलेल्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो किंवा आत शिरतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण गॅसमध्ये तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि वर आधीच ऑक्सिजनची चणचण. लक्षणं कोणती? डोकेदुखी, मळमळ, गुंगी. नेमकी तीच, जी उंचीच्या त्रासाची म्हणून आपण गृहीत धरतो, आणि गोळी घेऊन पांघरुणात शिरतो.

सरचूच्या रात्री आम्ही शेगडी बंद करून सिलिंडरची चावी फिरवली, छताची झडप चार बोटं उघडी ठेवली आणि दोन-दोन रजया घेतल्या. बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइडचा छोटा अलार्म उशाशी होता. तो वेगळा विकत मिळतो, गाडीबरोबर आपोआप येईल असं धरून चालू नका. मध्यरात्री ताईने मला हलवून विचारलं, "तुझं डोकं दुखतंय का गं?" माझं दुखत नव्हतं. तिचं एकटीचंच दुखत होतं, आणि सकाळी पाणी प्यायल्यावर ते थांबलं. पण तिने आधी मला विचारलं, हे अगदी बरोबर केलं. गाडीत दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर अलार्म वाजायची वाट पाहू नका. आधी दार उघडा, दोघंही बाहेर या, आणि उंचीचा विचार बाहेरच्या हवेत उभं राहून करा.